दात येताना बाळाला खरोखर ताप येतो का?

पळसफूल
नमस्कार. आम्ही वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील एका गावात राहतो. माझा मुलगा आठव्या महिन्यात आहे. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसू लागली आहे, लाळेने झबले सतत ओले असते आणि हाताला लागेल ती वस्तू तो तोंडात घालतो. कालपासून त्याचे अंग थोडे कोमट लागते. काखेत थर्मामीटर लावले तर ९९.१ आले. दूध नेहमीसारखे पितो आणि खेळतोही, त्यामुळे आम्ही घाबरलेलो नाही. मात्र घरात दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात, "दातं निघून राह्यले त्याले, म्हणून अंग तापते. दवाखान्यात कायले नेता?" आमच्या आशाताईंचे म्हणणे असे की दातांनी ताप येत नाही आणि जुलाबही होत नाहीत. दोघीही बाळाच्या भल्याचेच बोलतात, म्हणून मला कुणा एकीची बाजू घ्यायची नाही. दातांमुळे नेमके काय होते, काय होत नाही आणि कुठल्या टप्प्यानंतर वाट न पाहता उठायचे, हे मला समजून घ्यायचे आहे.

जवसफूल
माझ्या दोन्ही लेकरांना दात येताना ताप आला आणि पातळ शीही झाली. दर वेळी ताप उतरला की दोन-चार दिवसांत हिरडीत दात दिसायचा. माझ्या आईचा आणि मावशीचाही हाच अनुभव आहे. इतक्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

बालवैद्य_वर्धा
जवसफूल ताई, तुम्ही पाहिले ते खोटे नाही. ताप आला हेही खरे आणि दात आला हेही खरे. एकामुळे दुसरे झाले का, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नावर डॉक्टरांनी बाळांची रोजच्या रोज नोंद ठेवून अभ्यास केले आहेत. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ बाळांच्या आईवडिलांनी दररोज दोनदा ताप मोजला आणि लक्षणे लिहून ठेवली. त्यात ४७५ दात येताना काय घडले याची नोंद मिळाली. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस अशा आठ दिवसांत लाळ गळणे, चावणे, हिरड्या चोळणे, चिडचिड, कान ओढणे, घट्ट अन्न नको म्हणणे आणि शरीराचे तापमान किंचित वाढणे या गोष्टी जास्त दिसल्या. खोकला, उलटी, जुलाब आणि १०२ अंशांवरचा ताप यांचा दातांशी संबंध आढळला नाही. शिवाय एकही लक्षण असे नव्हते की जे निम्म्या बाळांतसुद्धा दिसले. त्यामुळे लक्षणांवरून दात येणार हे ओळखताही येत नाही. पुढे २०१६ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही तापमान थोडे वाढते, पण त्याला ताप म्हणता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. ब्राझीलमधील एका अभ्यासात दात फुटण्याच्या दिवसांत शी थोडी पातळ होते असे दिसले होते. ते मी लपवणार नाही. मात्र पाण्यासारखे, बाळाला गळून टाकणारे जुलाब त्यांनाही दातांशी जोडता आले नाहीत.

मग याच वयात बाळे आजारी का पडतात? पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. काहींना चौथ्या महिन्यात येतो, तर काहींना वर्ष होईपर्यंत येत नाही, आणि दोन्ही स्वाभाविक आहे. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारद्रव्ये याच सुमारास बरीच कमी झालेली असतात. वरचे अन्न सुरू होते. बाळ रांगू लागते आणि अंगणातील माती, चपला, कोंबड्यांचे भांडे असे सगळे तोंडात घालू लागते. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात आणि हिरडीत दात मात्र डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याच्यावर जातो.

पळसफूल ताई, काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आले तर त्याला ताप समजावे. तुमच्या बाळाचे ९९.१ त्याखाली आहे. आज सायंकाळी पुन्हा मोजा.

गणिताचे_सर
मी दारव्हा तालुक्यात शाळेत गणित शिकवतो. जवसफूल ताईंच्या प्रश्नाचा एक भाग हिशेबाने सुटतो असे मला वाटते. दुधाचे दात २० असतात आणि ते सहाव्या महिन्यापासून साधारण अडीच वर्षांपर्यंत येत राहतात. डॉक्टर साहेबांनी सांगितलेले आठ दिवस प्रत्येक दाताला धरले, तर १६० दिवस होतात. दात बहुधा जोडीने येतात, म्हणून तो आकडा कमी करून शंभराच्या आसपास धरू. दोन वर्षांत ७३० दिवस असतात. म्हणजे बाळाला कुठल्याही कारणाने ताप आला, तरी सात वेळांपैकी साधारण एकदा तो 'दाताच्या दिवसांत'च पडणार. आपण घरात तर आठ दिवसांवर थांबतही नाही. ताप आल्यावर पंधरा दिवसांनी दात दिसला तरी "पाहा, दाताचाच होता" असे म्हणतो. इतकी लांब मुदत दिली की जवळजवळ प्रत्येक तापाला एखादा दात सापडतोच. आणि तापाशिवाय आलेले दात कुणी मोजून ठेवत नाही, कारण त्या वेळी लक्षात राहण्यासारखे काही घडलेलेच नसते.

जवसफूल
सर, तुमचा हिशेब मला पटला. दुसऱ्या मुलीच्या दाढा कधी आल्या ते मला खरोखरच आठवत नाही, म्हणजे त्या वेळी ताप नसणारच. तरीही एक सांगते. काही दवाखान्यांत "दाताने काही होत नाही" असे म्हणून आईला गप्प केले जाते, ते योग्य नाही. लेकरू रात्रभर कुरकुरते, हिरडी लाल होऊन फुगते, गालावर आणि हनुवटीवर लाळेने पुरळ येते. हे सगळे आईच पाहते.

बालवैद्य_वर्धा
ताई, तुमची तक्रार रास्त आहे. हिरडी सुजणे, चिडचिड, लाळ आणि लाळेचे पुरळ हे सारे दातांचे आहे आणि अभ्यासांतही तेच दिसते. ही बाळे दुखण्याने रडतात, त्यांना उपाय हवाच. हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हळुवार दाबावी. ओले, स्वच्छ फडके थंड करून चावायला द्यावे. चावायचे खेळणे असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवले तरी चालेल, बर्फासारखे गोठवू मात्र नये. हनुवटी पुसून कोरडी ठेवावी आणि थोडे खोबरेल लावावे. गाजराचा तुकडा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा हातात देऊ नये, कारण तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.

आशा_धारणी
मी मेळघाटात धारणी तालुक्यात आशा म्हणून काम करते. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे झाले की आम्ही गृहभेट देतो. नेमक्या त्याच काळात दात येत असतात, त्यामुळे "दाताचे आहे" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक पाड्यावर ऐकते.

मागच्या पावसाळ्यात एका घरी गेले. आजीने मला आनंदाने बोलावले, नातवाचा खालचा ओठ बोटाने खाली ओढला आणि नुकताच फुटलेला दात दाखवला. मी दात पाहिला, पण त्याचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसेना. तीन दिवसांपासून पातळ शी सुरू होती. दातांचे जुलाब बंद करू नयेत, नाहीतर ते अंगात मुरतात, अशी समजूत असल्यामुळे घरच्यांनी काहीही दिले नव्हते. आईचे दूधही कमी केले होते. मी तिथेच ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवले आणि आजीच्या हातात वाटी-चमचा दिला. मग गाडी बोलावली आणि बाळाला दवाखान्यात पोहोचवले. बाळ बरे झाले.

ज्या आया वाचत आहेत त्यांना कळकळीने सांगते. जुलाब दाताचे आहेत की आणखी कशाचे, हा वाद नंतर घालता येईल. ओआरएस आधी सुरू करा, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि सहा महिन्यांवरील बाळाला २० मिलिग्रॅम झिंकची गोळी रोज एक याप्रमाणे १४ दिवस द्या. शी दोन दिवसांत सुधारली तरी १४ दिवस पूर्ण करा. हे सगळे आमच्याकडे मोफत मिळते. आणि पोट फुगले, लेकरू रडते म्हणून तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देण्याची पद्धत आमच्या भागात पूर्ण गेलेली नाही. ती कुठे दिसली तर कृपया थांबवा. बाळाला आधीच एक दुखणे असते, त्यात भाजल्याची जखम कशाला?

वैनगंगा
आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. आमच्याकडे "दाताचा ताप" म्हणून घरी थांबणे आणखी धोक्याचे आहे आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण मलेरिया. आमच्या भागात ताप आलेल्या कुठल्याही बाळाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आशाताई बोटाच्या किंवा टाचेच्या थेंबभर रक्तावर पट्टीची तपासणी करतात आणि थोड्याच वेळात उत्तर मिळते.

दुसरे कारण सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे आणि माझ्या पुतणीला तो आहे. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, तोवर आजार दबून राहतो. साधारण सहा महिन्यांनंतर ते कमी होते आणि त्रास सुरू होतो, म्हणजे बरोबर पहिल्या दाताच्या वेळी. पुतणी नऊ महिन्यांची असताना सारखी रडायची आणि अंग गरम असायचे. घरी सगळे तिच्या हिरड्याच पाहत होते. एके दिवशी वहिनीने चांदीचे वाळे काढायला घेतले तर ते निघेना, कारण दोन्ही पावले वरच्या बाजूने टम्म फुगली होती. मग तळहात पाहिले, तर तेही फुगलेले होते. सिकलसेलच्या बाळांत हातपाय असे सुजणे हे अनेकदा पहिले लक्षण असते. या बाळांची प्लीहा, म्हणजे पोटातील संसर्गाशी लढणारा अवयव, लवकर निकामी होऊ लागते, त्यामुळे त्यांचा साधा वाटणारा तापही काही तासांत गंभीर होऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा आईवडील दोघेही वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाला देऊ शकतात असे) असतील, तर बाळाची तपासणी करून घ्या आणि ताप आल्यावर दात मोजत बसू नका.

बालवैद्य_वर्धा
वैनगंगा यांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. सरकारच्या सिकलसेल मोहिमेत गावपातळीवर तपासणी होते. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी करतात आणि ती सकारात्मक आली तर आजार आहे की बाळ केवळ वाहक आहे, हे पुढच्या तपासणीत कळते. मी आणखी एक कारण जोडतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरीही ताप आहे, अशा बाळाची लघवी तपासावी. मूत्रमार्गाचा संसर्ग तान्ह्या बाळांत दुसरे काही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि "दाताचा ताप" म्हणून तो हमखास नजरेतून सुटतो.

निंबोणी
मला दोन प्रश्न आहेत. माझ्या भाच्याला वरचे दात आधी आले आहेत. वरचे दात आधी आले की मामाला जड जाते असे म्हणतात आणि घरात सगळे काळजीत आहेत. दुसरे असे की दुकानात मिळणाऱ्या दाताच्या गोळ्या आणि हिरडीला लावायची जेल द्यावी का?

बालवैद्य_वर्धा
वरचे दात आधी येणे हा केवळ क्रमातील फरक आहे. त्याने बाळाला काही होत नाही आणि मामालाही काही होत नाही. हिरडी बधिर करणारी बेन्झोकेन असलेली जेल मात्र दोन वर्षांखालील बाळांना लावू नये. तिच्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायक रीतीने कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये दातांसाठी विकल्या जाणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण कमीजास्त आणि काही वेळा लेबलावरील आकड्यापेक्षा बरेच जास्त असल्याचे सांगितले होते. लाळही जेल लगेच धुऊन टाकते, म्हणजे उपयोगही थोडाच.

वैद्य_यवतमाळ
मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि गावातच दवाखाना चालवतो. दातांमुळे ताप येतो ही समजूत केवळ अडाणीपणातून आलेली नाही, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात दात उगवणे हे सर्व रोगांचे कारण सांगितले आहे आणि त्यात ताप, अतिसार, खोकला, उलटी यांचा विशेष उल्लेख आहे. म्हणजे हे निरीक्षण फार जुने आहे. पण त्याच अध्यायात पुढे असेही म्हटले आहे की दात येताना होणाऱ्या विकारांत बाळाला फार बंधनांत ठेवू नये, कारण दात आल्यावर ते आपोआप शमतात. आमच्या ग्रंथकारांसमोर थर्मामीटर नव्हते आणि रक्तातला मलेरियाचा जंतू पाहण्याचे साधनही नव्हते. आज ते आपल्या हाताशी आहे. त्यामुळे परंपरेचा आदर राखूनही मी तापलेल्या बाळाची तपासणी करून घेतो आणि गरज असेल तर पुढे पाठवतो.

आणखी एक कळकळीची विनंती. हिरडीला टाकणखाराची लाही मधात कालवून चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती बंद करावी. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्स सतत चाटवलेल्या तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. वर्षाच्या आतील बाळाला नुसता मधही देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

रानवाट
वैद्यांच्या मुद्द्याला जोडून थोडा इतिहास सांगते. हा समज केवळ आपला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून 'दात येणे' लिहिले गेले होते. त्यांतील बरीच बाळे प्रत्यक्षात अतिसाराने किंवा इतर संसर्गांनी गेली असणार. उपाय म्हणून हिरडीला चीर देत आणि दातांच्या भुकट्या देत. त्या भुकट्यांत पारा असे. हातपाय गुलाबी पडून सोलणारा, बाळाला असह्य वेदना देणारा एक आजार कित्येक वर्षे डॉक्टरांना कोड्यात टाकत होता. तो या भुकट्यांतील पाऱ्यामुळे होतो, हे १९४० च्या दशकात लक्षात आले. पुढे पारा वगळला गेला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. जो आजार दातांचा नव्हताच, त्याच्यावरच्या औषधाने बाळे आजारी पडत होती, हे वाचून मी फार अस्वस्थ झाले होते.

कपाशी_अकोट
आमच्या भागातली एक वेगळी अडचण मांडतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या घरात दुपारी बाळाचे अंग गरमच लागते. अशा वेळी दात, ताप आणि ऊन यांत फरक कसा करायचा?

बालवैद्य_वर्धा
कपाशी भाऊ, हा खास आपला प्रश्न आहे. उन्हाळ्यात बाळाला आधी सावलीच्या, वारा लागेल अशा जागी आणा, टोपडे आणि जादा कपडे काढा, दूध पाजा आणि अर्ध्या तासाने मोजा. काखेतला घाम कोरड्या कापडाने पुसा, थर्मामीटरचे टोक काखेच्या खोबणीत बसवा आणि बाळाचा हात अंगाशी धरून बीप वाजेपर्यंत थांबा. हाताने कपाळ पाहून ठरवू नका, कारण शेतातून आलेला हात आणि गार पाण्यातून निघालेला हात वेगवेगळे सांगतात. गार जागेत आणल्यावरही आकडा उतरत नसेल, तर तो ताप समजून तपासणी करावी.

पॅरासिटामॉलबद्दलही सांगतो, कारण इथे गंभीर चुका होतात. मात्रा वजनावर ठरते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तास आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात थेंबांची छोटी बाटली आणि सिरप अशा दोन गोष्टी मिळतात. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५. नऊ किलोच्या बाळाला चमचाभर सिरप चालते, पण तोच पाच मिलिलिटरचा चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला तर ५०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे मोठ्या माणसाची पूर्ण गोळी. बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारा.

आणि वाट पाहायची नाही, ती कधी? तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर त्याच तासाला निघा. बाळ दूध ओढत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा सुस्त पडून उठवल्यावरही पाहत नसेल, तरी तसेच. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि त्याचा दाताशी काहीही संबंध नाही.

पळसफूल
सर्वांचे मनापासून आभार. काल सायंकाळी आणि आज सकाळी मोजले. ९९ च्या खालीच होते. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. सिकलसेलचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला, कारण त्यांच्या माहेरी एक मुलगी त्याच आजाराने गेली होती. आमची तपासणी या आठवड्यात करून घेणार आहोत. शेवटचा एक प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आहे. तोवर दात फुटलेला असेल किंवा दुसरा येत असेल. अशा वेळी लस पुढे ढकलावी असे शेजारच्या काकू म्हणतात. काय करावे?

आशा_धारणी
ताई, दात येत आहे म्हणून लस पुढे ढकलू नका. किंचित कणकण किंवा साधी सर्दी असली तरी लस देता येते. बाळ फार आजारी असेल तरच थांबायचे आणि ते सत्रावर नर्सताई पाहून सांगतील. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप आला तर तो त्याच रात्री येत नाही. साधारण सहा ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर हलके पुरळही उठते, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. इतके दिवस गेल्यावर लस कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तो तापही दाताच्या नावावर जातो. लशीची तारीख कार्डावर पाहून मगच अंदाज करा, आणि ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर दाखवून घ्या. नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या त्याच सत्रात जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोसही मिळतो, तो मागून घ्या.